शिक्षा झाली म्हणजे व्हिसा कायमचा गेला?

"एकदा कोर्टाने दोषी ठरवलं की परदेशप्रवास विसरा." हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय, पण सरसकट खरं नाही. बहुतेक देश गुन्हा कोणता, शिक्षा किती आणि त्याला किती काळ लोटला हे बघतात. ऑस्ट्रेलियात 12 महिने किंवा त्याहून जास्त कैद सुनावली गेली असेल तर अर्ज अडचणीत येतो.

कॅनडाचं गणित आणखी वेगळं. दारू पिऊन गाडी चालवणं तिथे डिसेंबर 2018 पासून गंभीर गुन्ह्यांत मोडतं. त्यामुळे आपल्या देशात नुसत्या दंडावर सुटलेला माणूसही तिथे अडकू शकतो. मात्र दंडासकट सगळी शिक्षा पूर्ण होऊन 5 वर्षं उलटली की पुनर्वसनाचा अर्ज, म्हणजे 'मी सुधारलोय, जुना गुन्हा प्रवेशाच्या आड येऊ देऊ नका' अशी मागणी, करता येतो. त्याआधी जायचंच असेल तर तात्पुरता परवाना मागता येतो. मिळेलच असं नाही.

याहून घातक गैरसमज दुसरा आहे: जुनी केस, माफीही मिळाली, मग लिहायची कशाला? अमेरिकेच्या डीएस-160 या ऑनलाइन व्हिसा अर्जातला प्रश्न नीट वाचा. कधी अटक झाली होती का, दोषी ठरला होतात का, माफी मिळाली असली तरी सांगा, असं तिथे स्पष्ट विचारलंय. एखाद्या किरकोळ गुन्ह्याला अमेरिकी कायद्यात सूट मिळू शकते. पण तोच लपवण्यासाठी 'नाही'वर क्लिक केलं आणि ते उघड झालं, तर आयुष्यभराची प्रवेशबंदी मागे लागू शकते. तेव्हा 'हो' लिहा आणि निकालाची प्रमाणित प्रत, दंडाची पावती सोबत ठेवा.