जुन्या मोटारीतील पॉवर विंडो : बिघाड आणि दुरुस्ती

पॉवर विंडो : मोटारीच्या दाराची काच हँडल न फिरवता, बटण दाबून वर-खाली करणारी यंत्रणा. पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने 1940 च्या सुमारास आपल्या महागड्या गाड्यांत ती आणली, तेव्हा काच द्रवदाबावर सरकत असे. दारातल्या छोट्या विजेच्या मोटरवर चालणारी रचना पुढे रूढ झाली. गाडी जुनी झाली की काच अडकते, संथ होते किंवा दारात घसरून पडते. अशा वेळी पहिला आळ मोटरवर येतो. मोटर बदलली जाते आणि काच तशीच राहते. हा खर्च टाळता येतो, मात्र त्यासाठी तपासणीचा क्रम सोडायचा नाही.

मोटर 12 व्होल्टवर चालते. तिला दोनच वायर असतात आणि प्रवाहाची दिशा उलटली की ती उलटी फिरते. बहुतेक जुन्या गाड्यांत बटण मोकळे असताना या दोन्ही वायर स्विचमधून अर्थला (बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. बटण दाबले की त्यांतली एक अर्थवरून सुटते आणि तिला बॅटरीचा पुरवठा मिळतो. मोटरच्या दांड्यावरचा वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) मोटर फिरवू शकते, पण काचेकडून जोर लावून तो फिरवता येत नाही, म्हणून काच हाताने दाबली तरी खाली जात नाही. मोटरची फिरकी काचेपर्यंत पोचवणारा सांगाडा म्हणजे रेग्युलेटर. तो कात्रीसारख्या हातांचा असतो किंवा कप्प्यांवरून फिरणाऱ्या तारेच्या केबलचा.

तपासणीची सुरुवात कानांनी करावी, दार खोलण्याची घाई नको. बटण दाबल्यावर मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, म्हणजे वीज ठीक आहे आणि दोष रेग्युलेटरमध्ये आहे. कडकड, करकर असा आवाज आला तर केबलचे तंतू तुटून गुंता झालेला असतो. काच एका बाजूला कलली असेल तर तिला धरणारी प्लॅस्टिकची क्लिप मोडलेली असते. काहीच आवाज नसेल तर इंजिन बंद ठेवून, छतावरचा दिवा लावून बटण दाबावे. दिवा किंचित मंद झाला तर मोटरपर्यंत प्रवाह पोचतो आहे, पण काहीतरी जाम आहे. दिव्यात फरकच पडला नाही तर फ्यूज, स्विच, वायर किंवा मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश (तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) यांचा विचार करावा.

चारही काचा एकदम बंद पडल्या तर फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि सामाईक अर्थ आधी पाहावे; मागच्याच बंद असतील तर चालकाच्या दारावरचे लॉकचे बटण. हे लॉक चुकून दाबले गेल्याने मागच्या काचा ‘बिघडल्या’ असे वाटणे फार सामान्य आहे. एकच काच बंद असेल तरी दोष त्याच दारात असतो असे नाही. अनेक गाड्यांत प्रवाशाच्या मोटरचा अर्थ चालकाच्या मुख्य स्विचमधून जातो. त्या स्विचचे संपर्कबिंदू काळे पडले की डावीकडची काच थांबते आणि उजवीकडची मात्र सुरळीत चालते. काच एकाच दिशेने जात असेल आणि दुसऱ्या दिशेला मोटर पूर्ण गप्प असेल, तर स्विच किंवा त्याची वायर पाहावी. मोटर निरोगी आहे हे तिने एका दिशेने फिरून दाखवलेलेच असते.

सर्वांत फसवा दोष बिजागरीजवळ सापडतो. दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये सुरकुत्यांची रबरी नळी असते. तिच्यातल्या वायर दार उघडताना-मिटताना दर वेळी वाकतात. नळी मागे सरकवली की कडक झालेले, तडकलेले आवरण दिसते आणि आत हिरवट पडलेले तांबे. एखादाच तंतू शाबूत असेल तरी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजणारे उपकरण) 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही. मोटरला मात्र अनेक अँपिअर लागतात आणि त्या तंतूतून तेवढे जात नाहीत. म्हणून मोटर जोडलेली असताना, बटण दाबूनच व्होल्टेज मोजावे, किंवा बल्बचा टेस्ट लॅम्प लावावा. दार अर्धवट उघडल्यावर काच अचानक चालू लागली तर दोष इथेच आहे, असे जवळजवळ गृहीत धरावे. तुटलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नये. तेवढ्याच जाडीच्या लवचीक वायरचा तुकडा डाखून जोडावा.

मोटरबद्दलचा निवाडा शेवटी. तिचा कनेक्टर काढून, मध्ये फ्यूज घालून बॅटरीचा थेट पुरवठा द्यावा, मग वायर उलटून पुन्हा द्यावा. दोन्ही दिशांना फिरली तर तिला हात लावू नये. बटण पुन्हापुन्हा दाबल्यावर थांबून काही मिनिटांनी जिवंत होणारी मोटर खराबच असते असे नाही. तिच्यातले तापरोधक संरक्षण प्रवाह तोडते. मात्र काच वर नेताना दर वेळी असे होत असेल तर चॅनेल, म्हणजे काच सरकते ती रबरी खाच, तपासावे. उन्हाने कडक झालेले रबर काचेला आवळून धरते. ते पुसून सिलिकॉन स्प्रे मारल्यावर संथ काच कित्येकदा सरसर वर येते. तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण खनिज तेलाने रबर फुगते आणि ग्रीसला धूळ चिकटते.

दाराचे पॅड (आतल्या बाजूचे आवरण) काढताना स्क्रू बहुधा हँडलच्या वाटीत आणि हात ठेवण्याच्या जागेत लपलेले असतात. ते काढल्याशिवाय ओढल्यास पॅड फाटते. काच वर करून चौकटीला रुंद टेपने बांधावी, बॅटरीचे टर्मिनल सोडवावे आणि हातमोजे घालावेत, कारण दाराच्या पत्र्याच्या कडा धारदार असतात. कात्रीच्या रेग्युलेटरला काचेचे वजन तोलणारी ताणलेली स्प्रिंग असते. मोटर सुटताच सांगाडा झटक्यात फिरून बोटे चिरडू शकतो, म्हणून त्याचे हात आधी बोल्टने अडकवून ठेवावेत. तुटलेल्या केबलचा रेग्युलेटर मात्र अख्खाच बदलावा. गाठ मारून केलेली दुरुस्ती टिकत नाही.

पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा कडेपर्यंत नीट चिकटवूनच पॅड लावावे. तो निघाला तर काचेवरून दारात उतरलेले पाणी खाली न निथळता गाडीच्या गालिच्यावर येते. एकदा बटण दाबून काच आपोआप पूर्ण बंद होण्याची सोय असेल तर बॅटरी जोडल्यावर ती हरवलेली असू शकते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच धरून ठेवले की ती परत येते.