बालवाचनातून मूल्यशिक्षण

गोष्टीच्या पुस्तकांतून प्रामाणिकपणा, श्रमप्रतिष्ठा, समता, संवेदनशीलता यांसारखी मूल्ये मुलांत रुजवण्याची पद्धत. महाराष्ट्रातील शाळांत तिचे रूढ रूप म्हणजे परिपाठातील बोधकथा. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष झाले की एक विद्यार्थी पाठ केलेली गोष्ट म्हणतो आणि शेवटी तात्पर्य सांगतो. बहुतेक वेळा गोष्टीची वाट लागते ती याच शेवटच्या वाक्यात.

मराठीत ही परंपरा छापील बालवाङ्मयाइतकीच जुनी आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या इसपच्या नीतिकथा मुंबईत १८२८ मध्ये निघाल्या. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिकही १८८१ मध्ये मुंबईतच सुरू झाले. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये (१९३५) उपदेश भरपूर आहे, मात्र तो प्रसंगातून येतो. पोहायला नको म्हणून लपून बसलेला श्याम मुलाला आपल्यातलाच वाटतो.

कोणती गोष्ट परिणाम करते, याबद्दलचे अंदाज फसवे असतात. टोरांटो विद्यापीठातील कांग ली व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात ‘लांडगा आला रे आला’ ऐकून मुलांचे खोटे बोलणे कमी झाले नाही. खरे बोलल्याबद्दल कौतुक झालेल्या मुलाची गोष्ट ऐकून मात्र जास्त मुलांनी खरे सांगितले. शिक्षेची भीती दाखवणाऱ्या गोष्टी आपल्याला वाटतात तेवढ्या कामाच्या नाहीत.

निवड करताना सहा वर्षांपर्यंत १६ ते २४ पानांचे, एकाच प्रसंगाचे चित्रपुस्तक पुरते. चित्रे आधी तपासावीत: मजकूर समतेचा आणि चित्रात आई चुलीपाशी, बाबा पेपर वाचताना, असे असेल तर मूल चित्रावरच विश्वास ठेवते. मुंबईत आणखी एक अडचण असते. घरी मराठी बोलणारे, पण इंग्रजी माध्यमात शिकणारे दहा वर्षांचे मूल जोडाक्षरांवर अडखळते. त्याला सोपे म्हणून सात वर्षांच्या मुलाचे पुस्तक दिले तर ते त्याला बाळबोध वाटते. अशा वेळी वयाला साजेसे पुस्तकच मोठ्यांनी वाचून दाखवावे आणि संवादाच्या ओळी मुलाकडे द्याव्यात.

तासिका साधारण ३५ मिनिटांची असते. वर्गात चाळीस मुले असली तर मागच्या बाकावरून चित्र दिसत नाही, म्हणून एका वेळी १२ ते १५ मुलांना जमिनीवर अर्धवर्तुळात बसवावे. वाचनाला दहा-बारा मिनिटे लागतात. पात्रासमोर पेच उभा राहतो त्या पानावर थांबून ‘आता हा काय करील?’ असे विचारावे आणि किमान पाच सेकंद गप्प राहावे. शिक्षकांना हेच सर्वांत जड जाते. दोन-तीन वेगळी उत्तरे आली की पुढे वाचावे. गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलात?’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर ‘नेहमी खरे बोलावे’ असे तोंडपाठ तयार असते. त्यापेक्षा ‘तिच्या मैत्रिणीला काय वाटले असेल?’ हा प्रश्न बराच पुढे नेतो.

एक चूक फार महागात पडते. वर्गात कंपास हरवला त्याच दिवशी चोरीची गोष्ट वाचली, तर सगळा वर्ग एकाच मुलाकडे पाहू लागतो आणि पुस्तक शिक्षेचे हत्यार बनते. तो विषय किमान पंधरवडाभर लांबवावा.

पुस्तके फाटतील म्हणून कपाटाला कुलूप, हे दृश्य नेहमीचे. २०–२५ पुस्तके दोरीवर किंवा टोपलीत मोकळी ठेवावीत, महिन्याने बदलावीत आणि देवघेवीची वही मुलांकडेच सोपवावी. उशीर झाला तर काय करायचे, ते मुलांनीच ठरवावे. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, ती पिवळी पडते. पातळ कागद आणि खळ बरी. जून ते सप्टेंबर पुस्तक घरी नेताना पाणी न शिरणारी पिशवी सक्तीची ठेवावी. ओले परत आलेले पुस्तक पंख्याखाली पाने उघडी ठेवून वाळवावे, उन्हात नको, पाने वाकडी होतात.