ठसका की विष? जॉफ्रीच्या लग्नपंगतीमागचा इतिहास

किंग्ज लँडिंगच्या राजवाड्यात ७७ पदार्थांची पंगत रंगात आली आहे. भलामोठा 'पिजन पाय' (एरवी कबुतराच्या मांसाचं सारण भरलेला पदार्थ, पण हा आधी भाजलेल्या पोकळ कवचाचा) तलवारीने कापताच त्यातून जिवंत पांढरी कबुतरं फडफडत वर उडतात. तेरा वर्षांचा नवरदेव, राजा जॉफ्री, आपल्या मामाच्या म्हणजे टिरियनच्या वाट्याचा तुकडा उचलून तोंडात कोंबतो. कोरडा लागतो म्हणून वरून वाइन घेतो. खोकतो. पुन्हा पितो, पुन्हा खोकतो. राजाला ठसका लागलाय, असंच आधी सगळ्यांना वाटतं. कुणी पाठीत थोपटा म्हणतं, कुणी पाणी मागवतं. मग चेहरा काळानिळा पडायला लागतो, बोटं स्वतःचाच गळा ओरबाडू लागतात, आणि आई सर्सीच्या मांडीवर पोराचा जीव जातो.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' या २००० साली आलेल्या कादंबरीतला हा प्रसंग. वाचकांनी त्याचं नाव 'पर्पल वेडिंग' पाडलं. १३ एप्रिल २०१४ रोजी 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेत तो दाखवला गेला आणि त्या भागाची पटकथाही मार्टिन यांनी स्वतःच लिहिली होती. मालिका पाहणारे अनेक जण त्या दिवशी आनंदाने ओरडले असतील, कारण जॉफ्रीसारखा क्रूर राजा मरावा असं कुणाला वाटत नव्हतं? मला मात्र हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो तो त्यातल्या पहिल्या दोन-तीन मिनिटांसाठी. तो ठसका आहे की विष, हे कुणालाच कळत नाही, ती दोन-तीन मिनिटं. त्यांच्या मागे जवळजवळ दोन हजार वर्षांचा इतिहास उभा आहे.

भाग गाजला तेव्हा मार्टिन यांनी मुलाखतीत सांगितलं की या मृत्यूचं बीज इंग्लंडचा राजपुत्र युस्टेस याच्या मृत्यूत आहे. त्यासाठी बाराव्या शतकात जावं लागतं, आणि तेही एका बुडालेल्या जहाजापासून सुरुवात करून.

२५ नोव्हेंबर ११२० च्या रात्री नॉर्मंडीच्या बार्फ्लर बंदरातून 'व्हाइट शिप' नावाचं जहाज निघालं आणि किनाऱ्याजवळच खडकावर आपटून बुडालं. सुमारे ३०० माणसं गेली. वाचला म्हणतात तो रूआँचा एक खाटीक. बुडालेल्यांत राजा पहिला हेन्री याचा एकुलता एक औरस मुलगा विल्यम होता. राजाचा भाचा स्टीफन त्याच जहाजावर चढला होता, पण पोट बिघडल्यामुळे निघण्याआधी उतरला, अशी नोंद त्या काळच्या बखरकाराने केली आहे. त्या एका पोटदुखीवर पुढची वीस वर्षं उभी राहिली. हेन्रीने सरदारांकडून आपली मुलगी मटिल्डा हिच्यासाठी शपथा घेतल्या. ११३५ मध्ये तो वारला (तोही, बखरी सांगतात त्याप्रमाणे, वैद्याने नको म्हटलेले लॅम्प्रे मासे भरपेट खाऊन), आणि शपथा विसरून स्टीफनने तीन आठवड्यांच्या आत स्वतःच्या डोक्यावर मुकुट चढवून घेतला. मटिल्डा लढायला उभी राहिली. इंग्लंडमध्ये या काळाला 'अनार्की' म्हणतात. गावंच्या गावं ओसाड पडली, जो तो सरदार आपापला किल्ला बांधून आसपासची रयत लुटू लागला. ख्रिस्त आणि त्याचे संत झोपी गेले आहेत असं लोक उघड म्हणत, हे पीटरबरोच्या बखरीत लिहिलेलं आहे.

युस्टेस हा या स्टीफनचा मुलगा. आपल्या हयातीतच त्याचा राज्याभिषेक उरकून घ्यावा म्हणून स्टीफनने ११५२ मध्ये बिशपांवर दडपण आणलं, पण पोपच्या आज्ञेचा आधार घेऊन आर्चबिशप थिओबाल्डने साफ नकार दिला. दरम्यान मटिल्डाचा मुलगा हेन्री वयात आला, फौज घेऊन इंग्लंडमध्ये उतरला. ११५३ मध्ये दोन्ही सैन्यं वॉलिंगफर्डला समोरासमोर आली तेव्हा दोन्हीकडचे सरदार लढायला तयार होईनात. तहाची बोलणी सुरू झाली. तह म्हणजे आपल्या हक्कावर पाणी, हे युस्टेसला कळत होतं. तो संतापाने निघाला, पैशासाठी बरी सेंट एडमंड्सच्या मठाकडे गेला, आणि मठाने पैसे दिले नाहीत म्हणून मठाच्या जमिनी लुटल्या. ऑगस्टच्या मध्यात, विशी-पंचविशीतच, तो अचानक मेला. जेवता जेवता घास अडकला, अशी कथा पसरली. लुटीच्या धान्याचाच तो घास होता आणि संत एडमंडने सूड घेतला, असं भाविक मानू लागले. एका बखरकाराने तो दुःखाने मेला असं लिहिलं. आणि मग साहजिकच, कुणीतरी विष घातलं असेल ही शंका.

शंका यायला कारणही सज्जड होतं. त्याच्या मरण्याने सगळ्यांचंच भलं झालं. तीन महिन्यांच्या आत विंचेस्टरला तह झाला: स्टीफन मरेपर्यंत राजा, त्याच्यामागे हेन्री. ऑक्टोबर ११५४ मध्ये स्टीफन गेला, डिसेंबरमध्ये दुसऱ्या हेन्रीचा राज्याभिषेक झाला, आणि प्लँटॅजेनेट घराणं गादीवर बसलं. इतका सोयीचा मृत्यू नैसर्गिक असू शकतो का? असू शकतो. पण आठशे सत्तर वर्षांनंतरही ठामपणे सांगता येत नाही, आणि मार्टिन यांना भुरळ पडली ती नेमकी याची. त्यांच्या कथेतल्या मारेकऱ्यांचा हिशेबही हाच आहे: राजा खाता खाता गुदमरला असं जगाने मानावं आणि लग्नघर शोक करून घरी जावं.

युस्टेसच्या पंगतीत लग्न नव्हतं. लग्नातला मृत्यू हवा असेल तर आणखी शंभर वर्षं मागे जावं लागतं. ८ जून १०४२ रोजी टेम्सच्या दक्षिण काठावर लँबेथला टोव्ही द प्राउड या बड्या सरदाराचं लग्न होतं, ऑसगॉड क्लापाच्या मुलीशी. इंग्लंड आणि डेन्मार्कचा राजा हार्थाक्नुट पाहुणा म्हणून आला होता. जेमतेम चोविशीचा. अँग्लो-सॅक्सन बखरीत एवढंच लिहिलंय की तो पेला हातात घेऊन उभा होता, अचानक जमिनीवर कोसळला, भयंकर आचके आले, आणि नंतर त्याच्या तोंडून एक शब्दही फुटला नाही. गादी सावत्र भाऊ एडवर्डकडे गेली. आजचे अभ्यासक बहुधा मेंदूचा झटका म्हणतात. पण उभा राजा, हातात पेला, भोवती वऱ्हाडी, आणि पुढच्या क्षणी आचके, हे चित्र जॉफ्रीच्या इतकं जवळ आहे की अंगावर काटा येतो.

त्याआधीचा अटिला. इ.स. ४५३ मध्ये या हूण राजाने इल्डिको नावाच्या तरुणीशी लग्न केलं, भरपूर प्याला, आणि सकाळी मृत सापडला. नाकातून वाहिलेलं रक्त घशात उतरून गुदमरला, असं जुना वृत्तांत सांगतो. शेजारी नवी नवरी पदराआड रडत बसलेली. पुढच्या काळात बोट तिच्याकडेही दाखवलं गेलं.

या सगळ्यांत मला सर्वात हादरवणारा वाटतो तो रोममधला प्रसंग. इ.स. ५५ चा आरंभ. सम्राट क्लॉडियस आदल्या वर्षी मेला होता (विषारी अळंब्यांमुळे, अशी रोमभर कुजबुज), आणि गादीवर सावत्र मुलगा नीरो होता. क्लॉडियसचा सख्खा मुलगा ब्रिटानिकस चौदाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर होता, म्हणजे जवळजवळ जॉफ्रीच्याच वयाचा. रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिल्याप्रमाणे राजघराण्यातली मुलं मोठ्यांच्या देखत वेगळ्या, साध्या मेजावर जेवत. ब्रिटानिकसचं खाणंपिणं आधी एक नोकर चाखून बघे. त्याला चुकवायचं कसं? पेय निर्धोकच आणलं, पण कढत. नोकराने चाखलं, मुलाने चव घेऊन परत केलं, फार गरम म्हणून. मग त्यात ओतलं गार पाणी. विष त्या पाण्यात होतं. पाणी कुणी चाखत नाही.

मुलाचा आवाज आणि श्वास एकदमच गेला. जवळ बसलेले काही जण घाबरून उठले. ज्यांना समज होती ते जागचे हलले नाहीत, नीरोकडे बघत राहिले. नीरो लवंडलेलाच होता. म्हणाला, याला लहानपणापासून फेफरं येतं, येईल शुद्धीवर. बहीण ऑक्टेव्हिया इतकी लहान, पण चेहऱ्यावर काहीही न दाखवायला शिकलेली. थोडा वेळ शांतता, आणि मग जेवण पुढे सुरू झालं. त्याच रात्री पावसात मुलाचा अंत्यविधी उरकला. विष लोकुस्टा नावाच्या बाईने केलं होतं, असं दुसरा इतिहासकार स्युटोनियस सांगतो. पहिलं सौम्य पडलं म्हणून नीरोने तिला मारहाण केली, आणि दुसरं एका बोकडावर आणि मग डुकरावर करून बघितलं. खरंच फेफरं असेल का? काही इतिहासकार तसंही म्हणतात. म्हणजे इथेही तेच: ठसका, फेफरं, की विष.

मार्टिन यांच्या विषाचं नाव 'स्ट्रँगलर'. ते पहिल्यांदा भेटतं १९९८ च्या 'अ क्लॅश ऑफ किंग्ज' या आधीच्या खंडाच्या सुरुवातीलाच: दूर पूर्वेकडच्या एका झाडाच्या पानांपासून केलेले जांभळे स्फटिक, वाइनमध्ये विरघळले की घशाचे स्नायू मुठीसारखे आवळतात आणि माणसाचा चेहरा स्फटिकाच्याच रंगाचा होतो. कादंबरीत टिरियनची तरुण बायको सान्सा हिच्या केसांवरच्या जाळीत जांभळे खडे बसवलेले असतात. मालिकेत जाळीच्या जागी गळ्यातला हार आहे. एक खडा गायब होतो आणि तिला पत्ताही लागत नाही. इतक्या झटपट आणि इतकं नेमकं काम करणारं विष प्रत्यक्षात नाही. जवळचं शोधायचं तर कुचल्यातलं स्ट्रिकनिन. फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी १८१८ मध्ये ते वेगळं काढलं, पण झाड आपलंच. कोकणात त्याला काजरा म्हणतात. नारिंगी, संत्र्यासारखं गोजिरं फळ, आणि आत चपट्या बिया, कोटाच्या बटणाएवढ्या, राखाडी, हात फिरवला तर रेशमासारख्या मऊ. आजोळी असं बी हातात दिसलं की आजी ते काढून घ्यायची आणि दोन-दोनदा हात धुवायला लावायची. स्ट्रिकनिनने श्वासाचे स्नायू ताठरतात, चेहरा निळा पडतो, आणि शुद्ध बहुधा शेवटपर्यंत राहते. मात्र ते भयानक कडू असतं आणि साधारण दहा-वीस मिनिटं घेतं.

विषाची भीती जितकी जुनी तितकेच त्यावरचे पहारेही. युरोपातले राजे नार्व्हाल या देवमाशाच्या लांब दाताला एकशिंगी घोड्याचं शिंग समजून जेवणाजवळ ठेवत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या ताटातलं आधी अग्नीला आणि पक्ष्यांना घालायला सांगितलंय: विषारी अन्नाने ज्वाळा आणि धूर निळा होतो, तडतड आवाज येतो. पण मला त्यातली दुसरी सूचना जास्त महत्त्वाची वाटते. अन्नाबरोबर माणसंही न्याहाळा, असं तो म्हणतो. विष घालणाऱ्याचं तोंड कोरडं पडतं, जीभ अडखळते, घाम येतो, जांभया येतात, तो थरथरतो, इकडेतिकडे बघत राहतो. जॉफ्रीच्या लग्नात हे कुणी केलं असतं तरी ओलेना टायरेल सापडली नसती. नवरीची ही आजी सान्साच्या केसांवरून मायेने हात फिरवते, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

सापडतो टिरियन. राजाने चारचौघांत त्याला अपमान म्हणून पेला भरायला लावलेला असतो, शेवटी बोटही त्याच्याच दिशेने जातं, आणि कादंबरीत तर तो उरलेली वाइन स्वतःच जमिनीवर ओतून टाकतो. विष पेल्यात होतं की त्याच्या वाट्याच्या त्या तुकड्यात, यावर वाचकांत अजून वाद आहेत. मार्टिन यांनी इथे इतिहासाला कलाटणी दिली. युस्टेसच्या मरणाने युद्ध संपलं. जॉफ्रीच्या मरणाने सर्सी-टिरियनचं लॅनिस्टर घरच फुटलं, आणि टिरियनने पुढे बापाचा जीव घेतला.

संशय पुरेसा असतो हे मराठी माणसाने बडोद्यात पाहिलंय. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेयर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, मळमळलं, उरलेलं फेकलं तर पेल्याच्या तळाशी गाळ. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आळ आला. चौकशी आयोगातले तीन इंग्रज सदस्य एका बाजूला, तीन हिंदी सदस्य दुसऱ्या बाजूला. आरोप सिद्ध झाला असं म्हणता येईना, तरी एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केलं गेलंच. पुढच्याच महिन्यात नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ गादीवर दत्तक आला आणि सयाजीराव झाला. किंग्ज लँडिंगमध्ये जॉफ्रीनंतर त्याचा आठ वर्षांचा भाऊ टॉमेन बसतो, आणि जॉफ्रीच्याच नवरीशी, मार्जरीशी, त्याचं लग्न लावून दिलं जातं.

युस्टेसला केंटमधल्या फॅव्हरशॅमच्या मठात पुरलं. आईला आदल्या वर्षी तिथेच पुरलेलं, पुढच्या वर्षी बापही शेजारी आला. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३८ मध्ये, तो मठ बरखास्त झाला, पुढे पाडला गेला, दगड इतर बांधकामांना वाहून नेले. घशात काय अडकलं होतं हे तपासायला आता थडग्यात कुणी नाही.