कीबोर्ड बदलला तरी लेआउट का बदलत नाही?

भारतातून नेलेला लॅपटॉप म्युनिकच्या ऑफिसात उघडायचा, टेबलावरचा जर्मन कीबोर्ड त्याला जोडायचा आणि पासवर्ड टाकायचा. त्यात वाय किंवा झेड असेल तर तो चुकणारच, कारण जर्मन कीबोर्डवर या दोन बटणांची अदलाबदल असते. नवा कीबोर्ड आल्याचं संगणकाला लगेच कळतं, लेआउट, म्हणजे कोणत्या बटणाने कोणतं अक्षर उमटायचं ते, मात्र तो जुनाच धरून बसतो. हे एवढंसं काम त्याला का जमू नये, याचं उत्तर १९८१ सालापर्यंत मागे जातं.

त्याआधीच्या काही संगणकांत, उदाहरणार्थ १९७७ च्या ॲपल टूमध्ये, कीबोर्डकडून थेट अक्षराचा आस्की कोड, म्हणजे त्या अक्षरासाठी ठरलेला आकडा, यायचा. १९८१ च्या आयबीएम पीसीने वेगळी वाट धरली. तिच्या ८३ बटणांच्या कीबोर्डमध्ये स्वतःची छोटी चिप होती आणि ती अक्षर नव्हे, बटणाची जागा कळवायची: ए दाबलं की ३०, सोडलं की १५८. फ्रेंच कीबोर्डवर इंग्रजी क्यूच्या जागी ए छापलेलं असतं. ते दाबलं तर १६ जातो, म्हणजे क्यूचाच आकडा. त्या १६ चं काय करायचं ते सॉफ्टवेअरने ठरवायचं. पीसी चालवणाऱ्या डॉस या प्रणालीच्या १९८४ च्या ३.० आवृत्तीत त्यासाठी फ्रेंच, जर्मन असे वेगवेगळे छोटे प्रोग्रॅम आले. एकदा चालवले की कंट्रोल-आल्ट-एफ१ ने अमेरिकन लेआउट, एफ२ ने पुन्हा आपला. संगणकाला कीबोर्ड एकच, आणि चालू मशीनमधून तो कोणी उपटत नसे. त्यामुळे लेआउट हे संगणकाचं सेटिंग झालं, कीबोर्डचं नाही.

या व्यवस्थेला नावं ठेवण्याआधी आपण जरा थांबावं, कारण मराठीला तिचाच फायदा झाला. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट हा लेआउट ठरवला, १९९१ मध्ये तो इस्कीबरोबर, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या कोडबरोबर, भारतीय मानकात आला. बटणावर काहीही छापलेलं असो, केच्या जागी क, डीच्या जागी हलन्त. साधा इंग्रजी कीबोर्ड तसाच ठेवून देवनागरी उमटते ती बटण फक्त जागा सांगतं म्हणूनच.

यूएसबी आलं आणि चालू संगणकाला कीबोर्ड जोडणं, काढणं रोजचं झालं. ते मानक लिहिणाऱ्यांना हा घोळ दिसत होता. कीबोर्डने जोडणीच्या वेळी स्वतःची ओळख सांगताना देशाचा क्रमांकही सांगावा, अशी सोय त्यात आहे: जर्मन ९, फ्रेंच ८, अमेरिकन ३३. यादी ३५ पर्यंत जाते. तिच्यात भारत नाही. ३४ वर युगोस्लाव्हिया आहे, जो आता नकाशावरही सापडायचा नाही. पण हा आकडा भरण्याची सक्तीच नाही. शून्य चालतो, आणि बहुतेक कीबोर्ड शून्यच पाठवतात. कारखान्याच्या दृष्टीने ते सोयीचंही आहे. आतली सर्किटची पाटी तीच ठेवायची, वरची छपाई तेवढी देशागणिक बदलायची.

मग प्रत्येकाने आपापला तोडगा काढला. मॅक अनोळखी कीबोर्ड दिसला की डाव्या शिफ्टशेजारचं बटण दाबायला सांगतो. त्यावरून अमेरिकन, युरोपीय की जपानी बांधणी ते कळतं, पण फ्रेंच की जर्मन ते नाही. विंडोजने लेआउट भाषेशी बांधला. कोणत्या कीबोर्डवरून टाइप होतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अँड्रॉइडने मात्र २०१२ च्या ४.१ आवृत्तीत प्रत्येक बाहेरच्या कीबोर्डला वेगळा लेआउट नेमून दिला. फोनने डेस्कटॉपला मागे टाकावं, तेही कीबोर्डच्या बाबतीत!

लिनक्सवाल्यांनी या प्रश्नावर सर्वांत जास्त डोकेफोड केली असावी. लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या, कीबोर्ड आणि माउस सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे एक्स सर्व्हर. पूर्वी तो सुरू होतानाच ठरवलेले कीबोर्ड ओळखायचा. २००७ च्या १.४ आवृत्तीत चालू असताना जोडलेला कीबोर्ड ओळखणं आलं, २००९ च्या १.७ मध्ये एकापेक्षा जास्त कीबोर्ड वेगळे हाताळणं, २०१० च्या १.८ मध्ये कीबोर्डच्या नावावरून नियम लिहिणं. तरी लोक हटकून यूडेवचा, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची दखल घेणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रॅमचा, नियम लिहायचे: अमुक क्रमांकाचा कीबोर्ड आला की लेआउट बदलणारी सेटएक्सकेबीमॅप ही कमांड चालव. तो बहुधा चालत नसे. यूडेव रूट, म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून धावतो, तुम्ही कोणत्या पडद्यावर काम करताय ते त्याला ठाऊक नसतं. शिवाय एक्सने नवा कीबोर्ड ताब्यात घेण्याआधीच कमांड धावून मोकळी होते. ते जमवलंच, तर डेस्कटॉपचं स्वतःचं सेटिंग त्यावर पाणी फिरवायचं.

एक्सची जागा घेणाऱ्या वेलँड या नव्या व्यवस्थेवर चालणाऱ्या स्वे या डेस्कटॉपमध्ये हा नियम सेटिंगच्या फाइलमध्ये दोन-तीन ओळींत मावतो: कीबोर्डचा ओळखक्रमांक आणि त्यापुढे लेआउट. दोन कीबोर्ड एकदम जोडले तरी दोन्ही आपापल्या लेआउटने चालतात. पण तो क्रमांक आधी एकदा हाताने शोधून लिहावा लागतोच. पुढे यूएसबीच्या मानकात कीबोर्डने आपली भाषा भाषा-टॅगच्या, म्हणजे भाषेच्या ठरलेल्या छोट्या खुणेच्या, रूपात सांगण्याचीही तरतूद झाली, तीही ऐच्छिकच.