संकासुर, कॅसेट आणि जुनं हसू

आमच्या घरी पुलंच्या ‘अंतू बर्वा’ या व्यक्तिचित्राची कॅसेट होती. एकदा टेपने ती खाल्ली. पेन्सिल घालून फीत गुंडाळली, कॅसेट परत चालू झाली, पण मधली दोन-तीन सेकंदं चुरगळली ती चुरगळलीच. तिथे आवाज पाण्यात बुडी मारून वर आल्यासारखा यायचा. घरात कोणी ते वाक्य म्हणून दाखवायचं झालं तर बुडी मारल्यासारखंच म्हणायचं. आता तेच कथन फोनवर स्वच्छ ऐकू येतं आणि त्या जागी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं एकाच विनोदाला हसत आलेल्या माणसाचं असं काहीतरी होतंच. कोकणात हे दुखणं तसं नवीन, कारण इथला जुना विनोद टिकवून ठेवण्यासाठी नव्हताच.

सिंधुदुर्गात कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळांचे पेटारे गावोगाव फिरू लागतात. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं लावायचं ते ठरतं, कोण कोणतं सोंग घेणार ते ठरतं, बाकी बोलणं जागच्या जागी. पेटी, मृदंग, झांज आणि एक बाकडं, जे सिंहासनही असतं आणि अरण्यातला धोंडाही. मूळ आख्यानाच्या आधी होतो तो आडदशावतार. त्यात गणपती येतो, सरस्वती येते आणि संकासुर येतो. संकासुर म्हणजे शंखासुर, वेद पळवणारा आणि शेवटी विष्णूच्या हातून मरणारा राक्षस. पण मरेपर्यंत तो मालवणीत भटजीची फिरकी घेतो, गावच्या रस्त्याची घेतो, मतं मागून गेलेल्यांची घेतो, समोर बसलेल्यांची तर घेतोच.

एका जत्रेत मध्यरात्र उलटल्यावर एक गृहस्थ मोबाईलची बॅटरी पेटवून आपल्या चपला शोधत होते. संकासुर बोलता बोलता थांबला. त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. मग म्हणाला, “ह्यांका रेंज चपलांत गावता वाटता.” लोक हसून हसून लोळले. ते वाक्य इथे लिहिल्यावर त्यात फारसं काही उरलेलं नाही, हे मलाही दिसतंय. त्याला ती थंडी लागते, ते बॅटरीवाले गृहस्थ लागतात, संकासुराचं ते थांबणं लागतं. संकासुराचा विनोद शिळा होत नाही तो यामुळेच. तो उद्यापर्यंत राहतच नाही. वरच्या अंगाला, रत्नागिरीकडे, नमन-खेळे या लोकनाट्यातल्या गवळणीत मावशीचं सोंग घेतलेला पुरुष जी हुज्जत घालतो, तिचीही तीच जात.

विनोद बांधून ठेवण्याचा मोठा प्रकार इथे आला तो ‘वस्त्रहरण’च्या रूपाने, 1980 साली. लेखक गंगाराम गवाणकर, राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. आधीचं नाव ‘आज काय नाटक होवचा नाय’. गावकरी महाभारतातला द्रौपदी वस्त्रहरणाचा प्रसंग बसवायला निघतात आणि एकेक गोष्ट घसरत जाते, एवढंच कथानक. मच्छिंद्र कांबळी तात्या सरपंच करायचे. सुरुवातीला नाटक फारसं चालत नव्हतं. पुलंनी ते पाहून कौतुकाचं पत्र लिहिलं आणि त्यानंतर गर्दी लागली. पुढे लंडनचा दौरा झाला, पाच हजारांवर प्रयोग झाले.

या नाटकाची गंमत अशी की त्याला छापील संहिता होती, पण कांबळी त्यात दशावतार खेळायचे. चालू राजकारण, समोर बसलेला पाहुणा, उशिरा आलेला प्रेक्षक, काहीही आत यायचं. त्यामुळे वीस वेळा नाटक बघितलेला माणूस एकविसाव्यांदा जायचा तो दोन गोष्टींसाठी: पाठ असलेली वाक्यं परत ऐकायला आणि आज तात्या नवीन काय घालतो ते बघायला. मी बघितलेल्या प्रयोगात मागच्या रांगा तात्यांच्या आधी वाक्य म्हणत होत्या. तात्या थांबायचे, त्यांचं होऊ द्यायचे, आणि मग आपलं म्हणायचे. हशा दोनदा.

2007 साली कांबळी गेले. नाटक नंतरही झालं, चांगल्या नटांनी केलं. जुन्या माणसांची प्रतिक्रिया ठरलेली: बरा होता, पण मच्छिंद्र तो मच्छिंद्र. यात नटांवर थोडा अन्याय होतो. वाक्य तेच असलं तरी लोकांच्या कानात बसलेलं असतं ते एका माणसाचं दम खाणं, आणि दम काही कागदावर लिहून ठेवता येत नाही.

शिवाय त्या काळच्या मालवणी विनोदाखालची जमीनही सरकत गेली. चाकरमान्याची मनिऑर्डर, मुंबईहून आलेलं पत्र वाचून दाखवणारा पोस्टमन, रात्रभराची एसटी, हे सगळं गृहीत धरून हशे बांधलेले होते. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि गावाला जाण्याचं ते अंतरच बदललं. बोटी तर त्याआधीच बंद झाल्या होत्या. ‘बोट लागणं’ हा शब्द तेवढा मागे राहिला, तोही घाटात एसटीच्या खिडकीशी बसलेल्याच्या कामाला. तरुण भाच्याला मनिऑर्डरवरचा विनोद समजावून सांगायला लागलात की समजा तो विनोद संपला. मी सांगून बघितलंय.

पुलंचं वेगळं झालं. अंतू बर्वा ज्यातला, ते ‘व्यक्ती आणि वल्ली’ 1962 चं, ‘बटाट्याची चाळ’चा एकपात्री प्रयोग 1961 चा. एक माणूस, रिकामा रंगमंच आणि दोन-अडीच तास हसणारं सभागृह; आज ज्याला स्टँड-अप म्हणतात त्याचे मराठीतले आजोबा तिथेच बसलेत. पुढे कॅसेट आल्या आणि त्यांचा आवाज घराघरांत कायमचा राहायला आला. इथूनच जुन्या चाहत्याची खरी पंचाईत सुरू होते, कारण कॅसेट बदलत नाही आणि ऐकणारा बदलतो. अंतूशेटचं विजेविषयीचं बोलणं आठवतं? अंधार आहे तेच बरं, उजेडात आपलं दारिद्र्यच दिसायचं, अशा अर्थाचं. दहाव्या वर्षी मी त्यावर पोट धरून हसलो होतो. आता घरातली माणसं मुंबईला गेलेल्या कोकणातल्या एखाद्या मोठ्या घरात ओटीवर एकच दिवा जळताना बघितला की तेच वाक्य आठवतं आणि हसू येत नाही. विनोद बिघडला असं मी म्हणणार नाही. त्याच्या तळाशी जे पहिल्यापासून होतं, तिथपर्यंत पोचायला मला वेळ लागला.

टीव्हीचं थोडक्यात. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं, त्यावरच्या ‘गजरा’मधल्या छोट्या नाटुकल्या आमच्या आधीच्या पिढीला अजून सोन्यासारख्या वाटतात. परत बघायची सोय सहसा नव्हती, म्हणून सोनं टिकलं, असा माझा संशय आहे. 2014 साली ‘चला हवा येऊ द्या’ आणि 2018 साली ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आली, ती मात्र तुकड्यातुकड्याने फोनवर कायमची पडून आहेत. आठ-दहा वर्षांपूर्वीचा तुकडा समोर आला की आधी आपण हसतो, मग अंग चोरतो. साडी नेसलेला पुरुष दिसला की हशा, काळ्या रंगावर हशा, जाड बाईवर हशा. त्या वेळी आपणही टाळ्या दिल्या होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. दशावतारातही पुरुषच स्त्रीपार्ट करतो, पण तिथे त्याने राणी म्हणून दुःख केलं की समोरच्या बायका पदर डोळ्याला लावतात. साडी हा तिथे विनोदच नसतो. हा फरक मला बराच उशिरा कळला.

एक तक्रार मात्र वयाबरोबर वाढतच चालली आहे. ‘वस्त्रहरण’च्या आधी मराठी रंगभूमीवर मालवणी बोलायचा तो बहुधा घरगडी. 1980 नंतर ती मुख्य पात्राची भाषा झाली, म्हणून आमच्याकडच्या लोकांनी त्या नाटकाला डोक्यावर घेतलं. पण आज शहरात वाढलेल्या कित्येक मुलांना मालवणी भेटते ती फक्त विनोदातच. घरात कोणी बोलत नाही. मग आजी गंभीरपणे “माका बरा वाटणा नाय” म्हणाली तरी नातवाला आधी हसू फुटतं.

स्टँड-अपचं तंत्र पाठ असलेलं वाक्य परत परत ऐकण्याच्या आमच्या सवयीच्या अगदी उलट. 2016 मध्ये भाडिपा (भारतीय डिजिटल पार्टी) हे यूट्यूब चॅनल सुरू झालं आणि मराठीत हा प्रकार रुळला. इथे कलाकार तोच मजकूर गावोगाव घासून घासून नीट करतो, आणि व्हिडिओ टाकला की तो मजकूर त्याच्या दृष्टीने जळला. पुढच्या तिकिटाला नवीन लागतो. ऐकलेला विनोद परत ऐकायला कोणी पैसे देत नाही. मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात किंवा कुडाळच्या बाबा वर्दम थिएटरात वर्षानुवर्षं नाटकं बघितलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. त्याला ठरलेलं वाक्य ठरलेल्या जागी आलं नाही तर फसवल्यासारखं होतं.

आणि आता जत्रेतही फोन वर धरलेले असतात. संकासुर मांडावर आला की पंधरा-वीस पडदे उजळतात आणि सकाळपर्यंत त्याचं बोलणं मुंबईच्या ग्रुपवर पोचलेलं असतं. चार दिवसांनी शेजारच्या गावी तोच नट उभा राहतो आणि पहिल्या रांगेतलं पोर त्याच्याआधीच वाक्य बोलून मोकळं होतं. परवा एकाने असंच केलं. संकासुर त्याच्याकडे वळला, डोक्यापासून पायापर्यंत त्याला न्याहाळलं, आणि पुढची दहा मिनिटं त्या पोरावरच काढली.