अंध कर्मचाऱ्याला ‘खास’ संगणक लागत नाही

‘अंध माणसाला कार्यालयात घ्यायचे तर लाखभराचा वेगळा संगणक हवा’ हा समज अजून टिकून आहे. नेहमीचा विंडोज संगणक पुरतो. त्यावर एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, टाकायचे. कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबले की सुरू होते. मराठी वाचते, आवाज थोडा यांत्रिक. सोबत हेडफोन द्या, नाहीतर शेजारचे वैतागतील.

गाडी अडते ती फाइलपाशी. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरे. स्क्रीन रीडर तीच बडबडतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, टाइप करा. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसते चित्र, ती आधी ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढावी लागते. वर्डमध्ये अक्षरे नुसती ठळक करू नका, ‘हेडिंग’ शैली वापरा. मग ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे एनव्हीडीएच्या वाचनाच्या पद्धतीत, एच दाबून थेट पुढच्या मथळ्यावर जाता येते. कार्यालयाचे स्वतःचे सॉफ्टवेअर मात्र नेमणुकीआधीच तपासा: माउस बाजूला ठेवून टॅब आणि एंटरवर एक नोंद पूर्ण होते का? नावाविना बटणे फक्त ‘बटण, बटण’ अशी ऐकू येतात.

आणि हो, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार समान संधी धोरण खासगी आस्थापनांनाही जाहीर करावे लागते.