विवाहबंदीची घटनादुरुस्ती : ‘हो’, ‘नाही’ आणि कोरा रकाना

६ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मतदारांपुढे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांबरोबर एक प्रश्नही होता : एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच विवाह राज्यात वैध वा मान्य ठरेल, अशी दुरुस्ती राज्यघटनेत करावी का? ‘नाही’ जिंकलं तरी दुसऱ्या दिवशी समलिंगी जोडप्याला लग्नाचा परवाना मिळणार नव्हता. बंदीचा साधा कायदा १९९७ पासून होताच. प्रश्न एवढाच होता, की त्या बंदीला राज्यघटनेचं कुलूप घालायचं का.

या कुलपाची गरज का भासली? १९७० मध्ये मिनिअ‍ॅपोलिसच्या जॅक बेकर आणि मायकेल मॅककॉनेल यांनी परवाना मागितला, तो नाकारला गेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. पुढे हवाईत १९९३ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २००३ मध्ये न्यायालयांचा कल उलटा दिसला. न्यायालय राज्याचा साधा कायदा राज्यघटनेच्या आधारे रद्द करू शकतं; बंदी घटनेतच लिहिली, की तो रस्ता बंद. म्हणून २००४ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी ११ राज्यांत अशा दुरुस्त्या मंजूर झाल्या.

पण सगळ्या दुरुस्त्या सारख्या नव्हत्या, आणि मत ठरवताना खरी मेख इथेच होती. मिशिगनच्या २००४ च्या मसुद्यात विवाहाबरोबर ‘कोणत्याही कारणासाठी तत्सम मीलन’ असेही शब्द होते. त्यांच्याच आधारे २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी संस्थांना कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना आरोग्यविम्याचा लाभ देण्यास मनाई केली. अ‍ॅरिझोनात २००६ मध्ये अविवाहित जोडप्यांना विवाहासारखा दर्जा नाकारणारा मसुदा आला. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या ज्येष्ठ स्त्री-पुरुष जोडप्यांनाही याचा फटका बसेल, हे विरोधकांनी पटवलं आणि तो पडला. दोन वर्षांनी ते शेपूट छाटून इंग्रजीत अवघ्या २० शब्दांचं एकच वाक्य ठेवलं, तर सुमारे ५६ टक्क्यांनी मंजूर! मसुदा शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा तो यासाठी.

मिनेसोटाचं वाक्य याच आखूड साच्यातलं. मे २०११ मध्ये विधिमंडळाने प्रस्ताव मंजूर केला. गव्हर्नर मार्क डेटन विरोधात होते, पण घटनादुरुस्ती मतदारांपुढे न्यायला गव्हर्नरची सही लागत नाही. मग वाद पेटला शीर्षकावरून. निवडणुका पाहणारे राज्याचे सचिव मार्क रिची यांनी मतपत्रिकेवर ‘विवाहाचा दर्जा भिन्नलिंगी जोडप्यांपुरता मर्यादित करणे’ असं शीर्षक दिलं. विधिमंडळाच्या शीर्षकात ‘मान्यता’ हा शब्द होता. एकात काढून घेतल्याचा सूर, दुसऱ्यात दिल्याचा. ऑगस्ट २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाचं शीर्षक परत बसवलं. गोव्यातल्या १९६७ च्या जनमत कौलात फूल म्हणजे विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे वेगळेपण, एवढा सरळ हिशेब होता; इथे शब्दांशीच झुंजायचं होतं.

आणखी एक पेच मोजणीचा. मिनेसोटात दुरुस्तीला निवडणुकीत मतदान करणाऱ्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे राष्ट्राध्यक्षासाठी मत देऊन हा रकाना कोरा सोडला, तर तो हिशेबात ‘नाही’ धरला जातो. ‘मला यात पडायचं नाही’ ही सोय तिथे नव्हतीच. सुमारे ४० हजार जणांनी रकाना कोरा सोडला. पण निकाल त्यांच्यावर अडला नाही : ‘हो’ ४७.४ टक्के, ‘नाही’ ५१.२ टक्के.

मे २०१३ मध्ये विधिमंडळाने समलिंगी विवाहाचा कायदा केला आणि १ ऑगस्टपासून लग्नं सुरू झाली. २६ जून २०१५ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सर्वच राज्यांतली बंदी निष्प्रभ केली. तरी राज्यघटनांतली वाक्यं आपोआप पुसली जात नाहीत. त्यासाठी पुन्हा मतदान घ्यावं लागतं. नेवाडाने २०२० मध्ये, तर कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोने २०२४ मध्ये ती काढली. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये ‘हो’ म्हणजे बंदी घाला, असा अर्थ होता. २०२४ मध्ये त्याच ‘हो’चा अर्थ बंदी पुसा, असा झाला.